पर्थला निघण्याआधीची यात्रा

१६ नोव्हेंबर, थिंफू

व्हिसा आला. वॉर्डात एका आजोबांची सलाईनची बाटली बदलत होते, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. वाचलं आणि बाटली हातातच राहिली. आजोबा म्हणाले, "सिस्टर, वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही आजोबा, चांगली." ते म्हणाले, "मग ती बाटली लाव आधी."

ल्हेंडुपला फोन केला. तो पर्थमध्ये कामावर होता. कुठल्याशा न्हाणीघरात जाऊन बोलला, आवाज घुमत होता. "नीट वाच. नाव बरोबर लिहिलंय ना?" मी पुन्हा वाचून दाखवलं. मग नुसता श्वास ऐकू येत होता. दोन वर्षं झाली, मी त्याचा श्वास फोनवरच ऐकते. लग्न झाल्यावर जेमतेम एक हिवाळा आम्ही एकत्र काढला, आणि तो गेला.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती गॅलरीत मिरच्या निवडत होती. "बरं झालं," म्हणाली. तेवढंच. मला वाटलं रडेल. जेवताना मात्र म्हणाली, "जायच्या आधी मला एकदा दर्शनाला ने. पुनाखा, गांगते, त्रोंगसा, बुमथांग. सगळं."

आता कुठे वेळ आहे? सामान विकायचं आहे, फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. पण नाही म्हणवेना. मी गेले की ती फुंत्शोलिंगला समद्रुपदादाकडे जाईल. दादा आणि वहिनींशी माझं सगळं बोलणं झालंय. तिकडे ऊन असतं, तिच्या गुडघ्यांना बरं. मागे तिला विचारलं तेव्हा "बघू" म्हणाली होती. आई "बघू" म्हणते तेव्हा तिचं हो असतं.

१९ नोव्हेंबर

गाडीची सोय झाली. आईचा धाकटा भाऊ आशांग खांडू आम्हाला नेणार आहे. त्यानं जन्मभर परदेशी पाहुण्यांना देशभर फिरवलंय. कोणत्या मठात कोणतं भित्तिचित्र आहे ते तो झोपेत सांगेल, आणि त्यातलं निम्मं त्याच्या मनचं असेल.

आईनं सामान बांधलं ते बघून मी डोक्याला हात लावला. जाड रजई, लोकरी चटई, पितळी समया, जपाचं मणी-चक्र, आणि प्रेशर कुकर!

"कुकर कशाला, आई? हॉटेलात राहणार आहोत आपण."

"वाटेत लागला तर."

आशांगनं ते सगळं मागच्या डिकीत कोंबलं आणि हसत म्हणाला, "ताई, ऑस्ट्रेलियाला पोरगी चाललीय की तू?" आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. आशांग गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

२० नोव्हेंबर, पुनाखा

दोचुलाच्या खिंडीत धुकं होतं, खाली उतरलो तर संत्र्यांचं ऊन. दोन नद्यांच्या मधोमध झोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, उभा. थिंफूचे भिक्षू थोड्याच दिवसांत थंडीसाठी इथे उतरायला लागतील, म्हणून आत झाडलोट चालली होती. खांद्यावर राचूचा पट्टा टाकून आई तो उभा लाकडी जिना कठडा न धरता चढली. मीच धापा टाकत होते. घरी दोन मजले चढताना हिचे गुडघे दुखतात, आणि इथे?

देवळातून बाहेर आलो तर ती गायब. शोधत गेले तर पुलाच्या टोकाशी, मोठ्या मणी-चक्राजवळ एका म्हातारीशेजारी बसून दोघी विडा चघळत होत्या.

"ही इथेच राहते," आईनं मला सांगितलं. "मुलगा नाही, मुलगी नाही. दिवसभर चक्र फिरवते. झोंगातून भात मिळतो."

"बरं. चला आता."

"पण उन्हाळ्यात डास फार, म्हणते."

गाडीत बसल्यावर तिनं अचानक विचारलं, "तिकडे तू काय काम करणार?"

तिला दहा वेळा सांगितलंय. पुन्हा सांगितलं, "वृद्धाश्रमात. ल्हेंडुप करतो तेच. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, त्यांच्याशी बोलायचं."

"त्यांची मुलं कुठे असतात?"

"कामावर असतील."

"लांबच्या देशात?"

"नाही गं, त्याच गावात."

आईनं खिडकीतून नदीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बिचारी."

"कोण, म्हातारी माणसं?"

"मुलं."

आशांग खो खो हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२१ नोव्हेंबर, गांगते

बेक्कार थंडी. क्रौंच पक्षी उतरलेत, दरीतल्या दलदलीत काळ्या मानांचे ठिपके. ते तिबेटातून आले की आधी मठाभोवती प्रदक्षिणा घालतात. आशांग म्हणतो, "आणि पाहुणे आधी बाजाराभोवती."

मठाचं लाकूडकाम नवं झालंय, रंग अजून चमकतो. मी फोटो काढत होते. ल्हेंडुपला पाठवायला. आई मात्र पुजाऱ्याला गाठून बसली: पाण्याचा नळ गोठतो का, लाकूडफाटा कोण आणून देतं, मठाच्या मागच्या त्या बुटक्या खोल्यांमध्ये कोण राहतं. पुजारीही मोठ्या हौसेनं सांगत होता. शेवटी मी म्हटलं, "आई, तू तर भाड्यानं खोली बघायला आल्यासारखी चौकशी करतेस!" पुजारी हसला. आशांगनं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

"छान आहे," आई उतरताना म्हणाली, "पण गजबज फार. खाली हॉटेलात गाणी लागतात."

देवळाला कुणी अशी नावं ठेवतं?

रात्रीच्या जेवणाआधी ल्हेंडुपचा फोन आला होता. त्याच्या घरात पाच जण राहतात, सगळे आपलेच, पण पाळ्या अशा की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. मी आले की वेगळी खोली घेऊ म्हणाला. खिडकी असलेली. मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? म्हणाला, "शेजाऱ्याची गाडी."

मला चालेल. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी शेजाऱ्याची गाडी जन्मभर बघेन.

२३ नोव्हेंबर, त्रोंगसा

काल नुसता प्रवास झाला. लिहिण्यासारखं काही नाही, आई झोपली होती आणि आशांग गात होता.

आज दुपारी वळणावर पोचलो आणि समोर त्रोंगसाचा झोंग. पिवळं छप्पर, लांबच लांब पांढऱ्या भिंती, पायऱ्यापायऱ्यांनी डोंगराच्या सोंडेवरून उतरत आलेल्या. हात पुढे केला तर लागेल असा वाटतो. पण मध्ये घळ आहे. रस्ता आत, आत, पार डोंगराच्या पोटात शिरतो आणि मग दुसऱ्या अंगानं बाहेर येतो. तेवढा सारा वेळ तो समोर दिसत राहतो आणि जवळ काही येत नाही. पाहुण्यांना हे फार आवडतं म्हणे. मला सहन होईना. असंच सगळं चाललंय माझं.

वळणावर चहाच्या टपरीशी थांबलो, तिथे रेंज होती. ल्हेंडुपला व्हिडिओ लावला. मुद्दाम केस नीट केले होते. तो अंथरुणात होता, दाढी वाढलेली.

"बघ कुठे आहे मी," म्हणाले.

"कुठे?"

"त्रोंगसा. समोर झोंग आहे."

"फोन फिरव ना."

मी फिरवला. वाटलं, एक नजर टाकेल. पण तो बघतच राहिला. "थोडा डावीकडे," म्हणाला. "आता वर... तो बुरूज."  हात दुखायला लागला माझा. मी म्हटलं, "झालं का? मला पण बघ की जरा." तो हसला आणि म्हणाला, "तू येतेच आहेस. झोंग नाही येणार."

मला राग आला. दोन वर्षांनी बायकोच्या चेहऱ्यापेक्षा माणसाला भिंत बघावीशी वाटते? फोन ठेवताना त्याचे डोळे लाल दिसत होते. रात्रपाळी करतो, झोप पुरत नाही.

झोंगात आई पश्चिमेकडच्या दारातून शिरली आणि अंगण ओलांडून थेट पूर्वेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पूर्वी इकडून तिकडे जाणारी वाट याच दारांतून जायची. दुसरी वाटच नव्हती. म्हणाली, "मी एवढीशी होते. बाबांच्या पाठीवर कापडाचं ओझं, त्यावर मी. कुर्तोएहून इथे आलो, या दारातून. इथे माझी मावशी भेटायला आली होती. ती संसार सोडून आनिम झाली होती, डोक्याचा गोटा. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, मला पण असं करा."

"मग?"

"मग बाबा म्हणाले, हिच्या बोटांना विणायचा माग लागलाय, ही कुठे जायची नाही."

आई गोष्टी सांगत नाही कधी. मी विचारलं, "त्या मावशीचं पुढे काय झालं?" म्हणाली, "ऊराच्या वर कुठल्या तरी मठात होती. वारली असेल." आणि भरभर बाहेर गेली.

२५ नोव्हेंबर, बुमथांग

जांबे ल्हाखांग आणि कुर्जे, दोन्ही देवळं केली. जांबेच्या जुन्या लाकडी फळ्यांवर आई इतके साष्टांग घालत होती की मीच मोजणं सोडून दिलं. मी एकदा डोकं टेकवलं आणि एकच मागितलं. काय ते लिहायला नको. त्यात पर्थ होतं, ल्हेंडुप होता आणि एक लहानसं कुणी तरी होतं.

दुपारी तामशिंगला गेलो. तिथे ते लोखंडी कड्यांचं जुनं चिलखत आहे. अंगावर घेऊन आतल्या वाटेनं तीन प्रदक्षिणा घातल्या की पापं झडतात. मी घेतलं तर खांदे खालीच गेले. एक फेरी कशीबशी झाली आणि मी भिंतीला टेकले.

आशांग म्हणाला, "नर्सबाईंची पापं जड दिसतात."

"तूच घालून बघ!"

"मी ड्रायव्हर आहे, माझी पापं गाडी वाहते."

आईनं चिलखत घेतलं आणि चालायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. पाठ ताठ. तोंडानं जप चालू. तिसरी फेरी झाल्यावर उतरवून ठेवलं आणि अशी हसली, की मी तिचं ते हसू पाहिलंच नव्हतं कधी. एकदम तरुण.

संध्याकाळी वहिनींचा फोन. खोलीला रंग दिला, गुलाबी. टीव्ही पण लावलाय. मी आईकडे फोन दिला. ती फार गोड बोलली: "कशाला एवढा त्रास घेतलास गं... हो, हो... मुलांना सांभाळ... समद्रुपला म्हणावं, दारू कमी कर." वहिनी खूश, मी खूश. एक मोठं ओझं उतरलं. आता मी मोकळ्या मनानं जाऊ शकते.

२७ नोव्हेंबर, ऊरा

बुमथांगहून परत फिरायचं ठरलं होतं. काल आई म्हणाली, ऊरापर्यंत जाऊ. आशांगनं विचारलंसुद्धा नाही, गाडी तिकडे वळवली. ऊरा खिंडीवर थोडा बर्फ होता, आणि दूर गांखर पुएनसुमचं शिखर अगदी स्वच्छ. गावात आशांगच्या ओळखीच्या घरी उतरलो. गव्हाच्या धिरड्यांऐवजी इथे कुट्टूची, मिरची-चीजबरोबर. मी चार खाल्ली.

आज सकाळी चढून वर सेरलुंगला गेलो. पाहुणे इथे येत नाहीत. नकाशावर सुद्धा नसेल. जुनं ठेंगणं देऊळ, भिंतींचा चुना गेलेला, आणि उतारावर लाकडी झोपड्या, छपरांवर दगड ठेवलेले. पाच-सहा म्हाताऱ्या राहतात. त्यांतली थोरली आनिम पेल्देन, चेहरा सुकलेल्या सफरचंदासारखा, आवाज मात्र खणखणीत. आईला बघून म्हणाली, "आउम छोझोम ना? आलात का. उशीर केलात."

मला आश्चर्य वाटलं. आईचं नाव हिला कसं ठाऊक? आशांग म्हणाला, "अगं, मी मागे पाहुणे घेऊन आलो होतो तेव्हा बोललो होतो." पण इथे पाहुणे येत नाहीत ना?

आई आत गेली ती गेलीच. मी बाहेर उन्हात बसून होते. एक म्हातारी लाकडं फोडत होती, तिला मदत करायला गेले तर तिनं मला हाकललं. "तुझे हात मऊ आहेत, बस." त्या सगळ्या मिळून एकीला काही तरी चिडवत होत्या आणि हसून हसून लोळत होत्या. मला वाटलं होतं मठात शांतता असते.

येताना आईनं एका रिकाम्या झोपडीत डोकावून पाहिलं. खिडकीची काच फुटली होती. तिनं आशांगला म्हटलं, "ही बसवून दे." तो म्हणाला, "उद्या." दुसऱ्याच्या खिडकीची हिला काय काळजी!

२८ नोव्हेंबर, ऊरा



सकाळी उठले तर अंगणात आशांग गाडीतून रजई, चटई आणि कुकर उतरवून घोड्यावर लादत होता. मी विचारलं, हे कुठे? त्यानं आईकडे बोट दाखवलं आणि घोड्याच्या पलीकडे गेला.

"छिमी," आई म्हणाली, "मी इथे राहणार."

"किती दिवस?"

"राहणार म्हणजे राहणार."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. पुनाखाचे डास, गांगतेचा नळ, सगळं. मी ओरडले. अंगणात ओरडले, घरातली माणसं बाहेर आली. "आणि दादा? त्यानं खोलीला रंग दिलाय!"

"चांगला असेल रंग."

"मला एका शब्दानं विचारलं नाहीस!"

"तू मला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं! दादाकडे राहशील ना, म्हणून—"

"तुम्ही दोघांनी मला कुठे ठेवायचं ते ठरवलंत आणि मला चालेल का ते विचारलंत. मला कुठे जायचंय, हे कुणी विचारलं?"

मी म्हटलं, मी नर्स आहे, मला माहीत आहे काय काय होतं. वर रस्ता नाही. बर्फ पडला की घोडासुद्धा जात नाही. ताप आला, पडलीस, हाड मोडलं तर कोण बघणार?

"तू तिकडच्या म्हाताऱ्यांना बघायला चाललीस ना? मला इकडच्या म्हाताऱ्या बघतील."

टोमणा नव्हता. साधं बोलली. पण मला कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. मी पायरीवर बसले. मग तीही शेजारी बसली, गुडघे धरून. आता तिचे गुडघे दुखत होते.

"तुझे बाबा गेले तेव्हाच यायचं होतं," ती म्हणाली. "पण तू शाळेत होतीस. मग म्हटलं, तुला नोकरी लागू दे. मग म्हटलं, लग्न होऊ दे. लग्न झालं तर जावई परदेशी. रात्रपाळी करून तू घरी यायचीस तेव्हा गरम भात कोण वाढणार होतं तुला? तुझा व्हिसा येईल त्या दिवशी मी सुटेन, असं धरून बसले होते."

"म्हणजे मी जायची वाट बघत होतीस तू?"

"हो," आई म्हणाली.

मी उठून शेतात निघून गेले. ती घोड्याबरोबर वर गेली. मी पोचवायला गेले नाही.

३० नोव्हेंबर, ऊरा

दोन दिवस वर गेले नाही. आशांग जाऊन आला, काच बसवली. त्याला बोलायचं होतं, मी बोलू दिलं नाही. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "अगं, मोठी बहीण आहे. मला लहानपणी तिनं पाठीवर बांधून वाढवलं. ती म्हणाली गप्प बस, मी गप्प बसलो. माझ्या जन्मातलं सगळ्यात कठीण काम." हसू आलं, पण त्याला दिसू दिलं नाही.

मला वाटायचं, मी गेले की आई माझ्या आठवणीनं खंगेल. इतके महिने त्याचीच भीती होती. आता ती भीती गेली तर जागा नुसती रिकामी राहिली आहे, आणि त्यापेक्षा ती भीती बरी होती.

दुपारी ल्हेंडुपला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई राहिल्या? खरंच? वर अजून झोपड्यांच्या छपरांवर दगड ठेवतात?"

"तुला काय करायचंय छपराचं?"

"असंच." मग जरा थांबून, "छिमी, मी येऊ का परत?"

मी हसले. "वेडा आहेस का? माझं तिकीट निघालंय, नोकरी सोडलीय, घर सोडलंय."

"हो, हो. गंमत केली."

मग विचारत बसला: ऊरात बर्फ पडला का, धिरडी कशाबरोबर खाल्लीस, चुलीचा धूर येतोय का तिथे आत्ता. मी म्हटलं, हो, डोळे चुरचुरतात. तो म्हणाला, "जरा वेळ फोन ठेवू नकोस." मी काम करत राहिले, फोन चुलीशेजारी ठेवून. नंतर पाहिलं तर त्यानं अजून ठेवला नव्हता.

गंमतच केली असणार.

२ डिसेंबर, सेरलुंग

काल वर आले. उद्या निघावं लागेल, नाही तर विमान चुकेल.

आई मला बघून काहीच बोलली नाही. वाटीत लोण्याचा चहा ओतून समोर ठेवला. झोपडी बघितली. एवढीशी आहे, पण भिंतींच्या फटी शेणमातीनं लिंपून झाल्यात. मी अंथरूण उन्हात टाकलं, तिची रक्तदाबाची औषधं डब्यांमध्ये भरून आनिम पेल्देनला समजावली, कोणती केव्हा. ती म्हणाली, "मला कळलं. तुझ्या आईला कळलं नाही तर मी तिला मारीन."

आज सकाळी आई म्हणाली, "केस काढायचेत. तू काढशील?"

इथे कुणीही काढले असते. बाहेर ओट्यावर बसवलं तिला. आधी कात्रीनं कापले, मग साबण लावून वस्तरा. दवाखान्यात शस्त्रक्रियेआधी किती जणांची डोकी मी भादरली असतील, पण इतकी सावकाश कधी नाही. आईचं डोकं लहान आहे. कानामागे जुन्या जखमेचा एक व्रण आहे, तो मला माहीत नव्हता.

मी विचारलं, "आई, मी जाऊ नको का?"

"मान हलवू नकोस माझी, कापेल."

"मी हलवत नाही, तूच हलवतेस. सांग ना."

 वस्तऱ्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "जा. तू नाही गेलीस तर मला परत खाली यावं लागेल."

मी हसले आणि रडले, दोन्ही. तिच्या टाळूवर पाणी पडलं माझं. "साबण पुसतेस का रडतेस?" ती म्हणाली. मी म्हटलं, साबण.

झाल्यावर तिनं डोक्यावरून हात फिरवला. परत परत फिरवला. माझाही हात धरून ठेवला डोक्यावर. गरम होतं.

५ डिसेंबर, पारो

उद्या सकाळचं विमान. आशांग खाली कुणाशी तरी पत्ते खेळतोय. दादा आणि वहिनी निरोपाला येणार होते, आले नाहीत. रागावलेत. गुलाबी खोलीत आता मुलांचा अभ्यास होईल.

ल्हेंडुपशी बोलले. विमानतळावर लवकर येऊन उभा राहीन म्हणाला. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तू ते परत येण्याचं बोललास, ते मी आल्यावर आपण नीट बोलू. तो म्हणाला, "ती गंमत होती." मी म्हटलं, "असू दे. तरी बोलू." तो हो म्हणाला, इतक्या पटकन की मला त्याला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. मी जातेय. जाणारच आहे. त्याच्याशिवाय आणखी एक हिवाळा मला जमणार नाही. फक्त आता कळत नाही, तिथे पोचल्यावर आम्ही दोघं मिळून कुणाची आठवण काढत बसणार.

सेरलुंगहून निघतानाचं लिहायचं राहिलं. दोन दिवस लिहवलं नाही.

आई दारापर्यंत आली, त्यापुढे नाही. प्रदक्षिणेची वेळ झाली होती, वरून घंटा वाजली. म्हणाली, "तिकडे जेवत जा." आणि देवळाकडे निघाली. मी उतरायला लागले. खाली ओढ्यापाशी मागे वळून पाहिलं तर देवळाभोवती त्या सगळ्या फिरत होत्या. सगळ्यांची मरून रंगाची वस्त्रं, सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळ्या सारख्याच वाकलेल्या. मी डोळे ताणून पाहिलं. त्यांतली आई कोणती ते मला ओळखू येईना. चालण्यावरून ओळखेन म्हटलं, तर सगळ्यांचे गुडघे दुखत होते.

मी हात उंच करून हलवला. एकीनं हात वर केला. ती असेल, म्हणून मी जोरजोरात हलवला. मग दुसरीनं केला. मग तिच्या मागचीनं. मग सगळ्यांनीच.

मी सगळ्यांना हात हलवत राहिले. आशांग खाली रस्त्यावर गाडीतून हॉर्न वाजवत होता.